बेगमपेठची दुर्बीण आणि ताऱ्यांचे रंग

बीदरच्या कारागिरांची बिदरी वस्तू ज्याने एकदा हातात घेतली आहे, त्याला तिचे दोनच रंग आठवतात. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेली सुरई किंवा डबी, तिच्यावर कोरलेल्या रेषांत ठोकून बसविलेली चांदीची तार, आणि अखेरीस बीदरच्या जुन्या किल्ल्यातील माती नवसागरात कालवून केलेले घर्षण. या घर्षणाने धातू काळाभोर होतो. चांदी मात्र तशीच उजळ राहते. अमावास्येच्या रात्री बीदरच्या लाल मुरमाच्या पठारावरून आकाश पाहणाऱ्यालाही पहिला भास असाच होतो. काळ्या पटावर चांदीचे ठिपके, आणि त्यांत लहानमोठेपणाखेरीज दुसरा भेद नाही. परंतु हा भास दोषास्पद आहे, आणि त्यातील दोष आकाशाचा नसून डोळ्याचा आहे. तो दोष ओळखण्याचा आणि दूर करण्याचा इतिहास रंजक आहे. त्यातील एक प्रकरण तर बीदर आणि कलबुर्गी हे जिल्हे ज्या राज्यात शतकानुशतके होते, त्या हैदराबाद राज्यातच लिहिले गेले.

या भागातील शेतकऱ्याला नक्षत्रांची नावे पाठ असतात, पण ती पावसाची म्हणून. मृगाचा पाऊस पडला की तुरीची पेरणी, आर्द्रा कोरडी गेली की काळजी, हा त्याचा हिशेब. गंमत अशी, की ज्या पंधरवड्यात मृगाचे नाव प्रत्येकाच्या ओठांवर असते, त्याच पंधरवड्यात मृग नक्षत्र दिसत नाही, कारण सूर्यच तेथे असतो. ते नक्षत्र डोक्यावर येते मार्गशीर्ष-पौषात, तूर काढणीला आलेली असताना. अशा एखाद्या रात्री हुमनाबाद, भालकी किंवा आळंद येथील घराच्या अंगणात तीन इंच भिंगाची साधी दुर्बीण मांडावी आणि ती मृगाच्या चौकोनाकडे वळवावी. एका कोपऱ्यावरचा काक्षी निखाऱ्यासारखा तांबूस दिसतो. त्याच्या समोरच्या कोपऱ्यावरचा राजन्य निळसर पांढरा दिसतो. दुर्बीण किंचित सैल करून बिंदूची लहानशी चकती होऊ दिली, तर हा भेद अधिकच ठसठशीत होतो. दुर्बीण ताऱ्याला रंग देत नाही. मनुष्याच्या डोळ्यात अंधारात काम करणाऱ्या ज्या पेशी आहेत त्यांना रंग कळत नाही, आणि ज्यांना रंग कळतो त्यांना पुष्कळ प्रकाश लागतो. दुर्बिणीचे भिंग तेवढा प्रकाश गोळा करून देते, इतकेच.

अगदी तेजस्वी तारे मात्र नुसत्या डोळ्यांनाही आपला रंग दाखवितात, आणि प्राचीनांनी तो पाहिलाही होता. रोहिणी या नावातच तांबडेपणा आहे. वृश्चिकातील ज्येष्ठेला ग्रीकांनी मंगळाचा प्रतिस्पर्धी अशा अर्थाचे नाव दिले, तेही तिच्या रक्तवर्णावरून. दुसऱ्या शतकात टॉलेमीने आपल्या ताऱ्यांच्या यादीत सहा ताऱ्यांना तांबूस म्हटले आहे. स्वाती, रोहिणी, ज्येष्ठा, काक्षी आणि पुनर्वसूपैकी एक, हे पाच ठीक आहेत. सहावा मात्र व्याध, आणि व्याध तर आज हिऱ्यासारखा शुभ्र आहे! दोन हजार वर्षांत ताऱ्याने रंग बदलला, की क्षितिजाजवळ लुकलुकताना त्याच्यातून निघणाऱ्या रंगीत किरणांनी निरीक्षकाला चकविले, की नक्कल करणाऱ्याची चूक झाली? दहाव्या शतकात इराणच्या अब्दुर्रहमान सूफीने तीच यादी आकाशाशी ताडून पुन्हा लिहिली, तेव्हा त्याने व्याधाला तांबडा म्हटले नाही. या कोड्यावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. त्यातून एक धडा निघाला, तो असा की रंग हा केवळ शब्दांत नोंदविला तर पुढच्या शतकाला त्याचा पडताळा घेता येत नाही. तो मोजावा लागतो.

मोजण्याची इच्छा या प्रदेशात फार जुनी आहे. कलबुर्गी ही बहमनी सुलतानांची राजधानी असताना १३९७ ते १४२२ या काळात फिरोजशहा बहमनी गादीवर होता. भीमेच्या काठी फिरोजाबाद वसविणारा हा सुलतान गणित आणि ज्योतिष यांचा व्यासंगी म्हणून प्रसिद्ध होता. त्याने १४०७ मध्ये दौलताबादेजवळ वेधशाळा बांधण्यास आरंभ केला, परंतु हे काम ज्याच्या भरवशावर चालले होते तो हकीम हसन गिलानी मरण पावला आणि बांधकाम अर्धवट राहिले, अशी हकीकत फिरिश्ताच्या इतिहासात आहे. समरकंदला उलुघ बेगाने आपली विख्यात वेधशाळा उभारली, ती यानंतरची. एका माणसाच्या मृत्यूने एक वेधशाळा थांबते, ही गोष्ट पुढेही या कथेत पुन्हा येणार आहे.

दुर्बीण आल्यावर प्रश्न नव्याने सुरू झाला. दुर्बिणीत पुष्कळ तारे जोडीने दिसू लागले, आणि जोडीत रंगांचा विरोध उठून दिसतो. हंस नक्षत्राच्या चोचीवरील तारा लहान दुर्बिणीतही दोन होतो. एक सोनेरी, दुसरा निळा. असे जोडतारे पाहण्याचे काम महाराष्ट्रात प्रथम नेटाने केले ते पुण्यात, एका खाजगी वेधशाळेत. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातील इंजिनिअर दलाचा अधिकारी विल्यम स्टीफन जेकब याने पाच फूट लांबीच्या डॉलंड दुर्बिणीने १८४५ ते १८४८ या काळात २४४ जोडताऱ्यांचे वेध घेऊन त्यांची यादी सिद्ध केली. पुढे तो मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख झाला. प्रकृतीच्या कारणाने विलायतेस परतल्यावरही त्याला दख्खनचे निरभ्र आकाश विसरता आले नाही. पुरंदरच्या उंचीवर वेधशाळा उभारण्यासाठी पार्लमेंटने त्याला एक हजार पौंड मंजूर केले. नऊ इंच भिंगाची दुर्बीण घेऊन तो १८६२ च्या ऑगस्टमध्ये पुण्यास पोहोचला, आणि पोहोचताच मरण पावला. पुरंदरची वेधशाळा झाली नाही. गिलानीच्या मृत्यूनंतर साडेचारशे वर्षांनी तीच कहाणी सह्याद्रीच्या दुसऱ्या किल्ल्याच्या बाबतीत घडली.

त्या काळचे निरीक्षक रंगांना नावे देत, आणि नावांवरून त्यांच्यात मतभेद होत. एकाला जो तारा लिंबासारखा वाटे तो दुसऱ्याला केशरी वाटे. एकाला जो निळा तो दुसऱ्याला जांभळा. इंग्लंडच्या ॲडमिरल स्मिथने १८६४ मध्ये ताऱ्यांच्या रंगांवर एक पुस्तकच लिहून रंगांचा ठरीव तक्ता सुचविला. परंतु दुर्बिणीच्या भिंगाचा रंगदोष, शेजारच्या ताऱ्याचा विरोध, पाहणाऱ्याचे वय आणि त्याच्या डोळ्याची ठेवण या सर्वांचा परिणाम तक्त्याला कसा आवरणार? यातून सोडवणूक केली ती वर्णपटाने. त्याच सुमारास रोममध्ये पाद्री सेक्की यांनी हजारो ताऱ्यांचे वर्णपट पाहून त्यांचे रंगानुसार वर्ग पाडले. तांबड्या, पिवळ्या आणि निळसर ताऱ्यांच्या वर्णपटांतील काळ्या रेषांची ठेवणच निराळी होती. म्हणजे रंग हा डोळ्याचा खेळ नसून ताऱ्याच्या प्रकृतीचे लक्षण ठरला.

वर्णपटदर्शकाची पहिली मोठी परीक्षा दख्खनच्याच आकाशात झाली. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा जमखंडी-विजापूरकडून पूर्वेस गुंटूर-मच्छलीपट्टणकडे गेला. जमखंडीस लेफ्टनंट जॉन हर्शेल, गुंटूरला फ्रान्सचे यान्सेन, वनपर्तीला मद्रास वेधशाळेचे रघुनाथाचारी अशी निरीक्षकांची ठाणी पडली होती. जमखंडी आणि वनपर्ती यांच्या मधोमध सुरपूरचा मुलूख, म्हणजे तेव्हाच्या निजामशाहीचाच प्रदेश, दिवसा अंधारात बुडाला. या ग्रहणात सूर्याच्या ज्वाळांतून जी पिवळी रेषा दिसली, ती सोडियमची नव्हे हे पुढे ठरले आणि तिच्यावरून हेलियम या नव्या मूलद्रव्याचे नाव निघाले. पृथ्वीवर तो वायू सापडण्यास १८९५ साल उजाडले. रघुनाथाचारींनी त्याआधी एक वर्ष, १८६७ मध्ये, दक्षिण आकाशातील एक रूपविकारी तारा शोधून काढला होता. तोही तांबड्या जातीचा होता.

पुण्यास कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून आणि सरकारच्या साहाय्यातून १८८८ मध्ये वर्णपटाच्या अभ्यासाची वेधशाळा उभी केली. तिची वीस इंचांची आरशाची दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानात सर्वांत मोठी होती. १८९८ च्या जानेवारीतील खग्रास ग्रहण त्यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पाहिले. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद होऊन तिची उपकरणे कोडाईकनालला गेली. इथेही तीच खूण पटते. संस्था एका माणसाच्या खांद्यावर होती. खांदा हलला आणि संस्था संपली.

हैदराबादेत मात्र निराळे घडले. तेथील पायगा घराणे म्हणजे निजामाच्या खालोखाल वैभवाचे सरदार. चिटगुप्पा, आळंद अशी सध्याच्या बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतील ठिकाणे पायगांच्या जहागिरीत मोडत. या घराण्यातील नवाब जफर जंग यांना ज्योतिषाची हौस होती. त्यांनी विलायतेहून ग्रब कंपनीची पंधरा इंच भिंगाची मोठी दुर्बीण विकत आणली आणि हैदराबादेत फिसलबंडा येथील आपल्या हवेलीच्या आवारात ती मांडण्याची व्यवस्था केली. १९०१ मध्ये त्यांनी निजामाकडे अर्ज करून दोन गोष्टी मागितल्या. या वेधशाळेला निजामिया हे नाव मिळावे, आणि आपल्या पश्चात ती सरकारने ताब्यात घेऊन चालवावी. हा दुसरा मुद्दाच महत्त्वाचा होता. जहागीरदारांचे छंद पुष्कळ असत. घोडे, शिकार, घड्याळे, जवाहीर. मालक गेला की ते लिलावात निघत. जफर जंगांनी आपल्या अंगणातील दुर्बीण जिवंतपणीच सार्वजनिक करून ठेवली. १९०७ मध्ये ते वारले. १९०८ मध्ये सरकारने वेधशाळा हाती घेतली, आर्थर चॅटवुड यांस प्रमुख नेमले, आणि शहराच्या गजबजाटापासून दूर बेगमपेठेत नव्या इमारती बांधण्यास प्रारंभ केला.

या वेधशाळेच्या वाट्यास जे काम आले ते सर्व जगाने वाटून घेतलेले होते. १८८७ मध्ये पॅरिसला भरलेल्या परिषदेने संपूर्ण आकाशाची छायाचित्रे घेऊन त्यावरून ताऱ्यांची यादी करण्याचे ठरविले होते. आकाशाचे पट्टे पाडून ते निरनिराळ्या वेधशाळांना वाटले गेले. चिलीतील सांतियागोला दिलेला पट्टा तेथे पुरा होईना, म्हणून विषुववृत्ताच्या दक्षिणेस १७ ते २३ अंशांचा भाग हैदराबादने स्वीकारला. या कामात भाग घेणारी हिंदुस्थानातील ही एकच वेधशाळा. चॅटवुड यांनी कुक कंपनीची आठ इंचांची छायाचित्रण दुर्बीण उभी केली. १९१४ मध्ये रॉबर्ट पोकॉक आले आणि काम वेगाने सुरू झाले. पोकॉक १९१८ मध्ये वारले. या वेळी मात्र वेधशाळा थांबली नाही. त्यांच्या हाताखाली तयार झालेले टी. पी. भास्करन यांनी सूत्रे घेतली आणि पुढे सव्वीस वर्षे, १९४४ पर्यंत, ती सांभाळली. १९१९ मध्ये वेधशाळा उस्मानिया विद्यापीठाकडे सोपविण्यात आली. आपला पट्टा संपल्यावर जर्मनीतील पॉट्सडॅमकडून अपुरा राहिलेला उत्तरेकडील ३६ ते ३९ अंशांचा भागही हैदराबादने पुरा केला. एकूण मोजलेल्या ताऱ्यांची संख्या साडेसात लाखांहून अधिक भरली.

साडेसात लाख हा आकडा उच्चारण्यास सोपा आहे. त्यामागचे काम असे होते. रात्री काचेच्या तबकडीवर आकाशाचा दोन अंश लांब आणि दोन अंश रुंद असा तुकडा टिपायचा. तबकडीवर आधीच सूक्ष्म चौकटींची जाळी उमटविलेली असे. दिवसा ती तबकडी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून प्रत्येक काळ्या ठिपक्याचे जाळीतील स्थान वाचायचे, ठिपक्याच्या आकारावरून तेज ठरवायचे, आणि वहीत लिहायचे. मग दुसरा ठिपका. हे करणाऱ्या सहायकांची नावे ज्योतिषाच्या ग्रंथांत सहसा येत नाहीत. त्यांच्या डोळ्यांसमोर रंग तर नव्हताच. काचेवर सर्व तारे सारखेच काळे.

परंतु रंगाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट याच काळ्या ठिपक्यांत दडलेली होती. त्या काळच्या तबकड्यांवरील लेप निळ्या आणि जांभळ्या प्रकाशाला हळवा असे. तांबडा प्रकाश त्याला जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे डोळ्याला ठळक दिसणारा तांबडा तारा तबकडीवर क्षीण उमटे, आणि निळसर तारा डोळ्याला दिसतो त्याहून ठळक उमटे. आरंभी हा छायाचित्राचा दोष समजला गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र ज्योतिष्यांच्या लक्षात आले की हा दोषच मापदंड होऊ शकतो. डोळ्याने ठरविलेली ताऱ्याची प्रत आणि तबकडीने ठरविलेली प्रत यांची वजाबाकी केली की जो अंक येतो, तो त्या ताऱ्याचा रंग. अभिजितासारख्या शुभ्र ताऱ्यासाठी हा अंक शून्य धरला, तर पिवळ्या ताऱ्याचा तो वाढतो आणि काक्षीसारख्या तांबड्याचा दीडच्या पुढे जातो. याला वर्णनिर्देशांक म्हणतात. निखारा, केशर, माणिक, मध असे शब्द गळून पडले आणि त्यांच्या जागी एक आकडा आला, जो पुण्यातही तोच आणि पॅरिसमध्येही तोच. रंगांध तबकडीने रंग मोजून दिला, असे म्हटले तरी चालेल.

या आकड्याचा अर्थ काय, हेही त्याच पिढीने उलगडले. हार्वर्डला ॲनी कॅनन यांनी सव्वादोन लाखांहून अधिक ताऱ्यांचे वर्णपट वर्गांत लावले. आणि ते वर्ग म्हणजे मुख्यतः तापमानाची उतरंड होय, हे सिद्ध करण्याची किल्ली मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये दिली. लोहाराच्या भात्यापुढचे लोखंड आधी तांबडे, मग पिवळे, मग पांढरे होते, ताऱ्यांचेही तसेच. काक्षीच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे साडेतीन हजार अंश, सूर्याचे पावणेसहा हजारांच्या आसपास, व्याधाचे दहा हजारांच्या जवळ, आणि राजन्याचे बारा हजारांच्या घरात. लोकव्यवहारात तांबडा रंग उष्णतेचा आणि निळा थंडाव्याचा. आकाशात याच्या नेमके उलट आहे.

तबकडीने डोळ्याला निवृत्त केले असे मात्र झाले नाही. जफर जंगांची पंधरा इंची दुर्बीण बरीच वर्षे पेटाऱ्यांतच होती. ती १९२२ मध्ये बेगमपेठेत उभी राहिली, आणि भास्करन यांनी तिच्यावर रूपविकारी ताऱ्यांचे नेत्रवेध सुरू केले. या ताऱ्यांचे तेज महिनोन्महिने वाढते आणि घटते. तिमिंगल नक्षत्रातील मीरा सुमारे ३३२ दिवसांत एक फेरा पुरा करते. ऐन भरात ती सहज दिसते आणि ओहोटीत दुर्बिणीशिवाय सापडत नाही. शशकातील एक तारा तर हिंड या निरीक्षकाने १८४५ मध्ये पाहिला तेव्हा त्याला काळ्या पटावरील रक्ताच्या थेंबाची आठवण झाली. असे दीर्घकाळी विकारी तारे बहुधा तांबडेच असतात, आणि तांबड्या ताऱ्याचे तेज ठरविणे अवघड असते. त्याच्याकडे टक लावून पाहिले की तो अधिकाधिक ठळक भासू लागतो. म्हणून निरीक्षकाने टक लावू नये. झटकन एक नजर तांबड्या ताऱ्यावर, एक नजर शेजारच्या ज्ञात ताऱ्यावर टाकावी आणि अंदाज लिहून टाकावा. डोळा हे उपकरण वापरायचे तर त्याचे दोष ठाऊक असले पाहिजेत, हा टॉलेमीच्या व्याधापासून चालत आलेला धडा बेगमपेठेत असा रोजच्या शिस्तीत उतरला होता.

या शिस्तीत एक मुलगा वाढला. वेधशाळेत सहायक असलेल्या बापू यांचा वैणू हा मुलगा. तो १९२७ मध्ये जन्मला. वडिलांचे काम रात्रीचे. त्यामुळे दुर्बीण ही त्याच्या बाळपणातील सवयीची गोष्ट होती. विद्यार्थिदशेतच त्याने रूपविकारी ताऱ्यांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर तो हार्वर्डला गेला आणि १९४९ च्या जुलैत एका तबकडीवर त्याला नवा धूमकेतू सापडला. तो बापू-बॉक-न्यूकर्क या नावाने ओळखला जातो. त्याची खरी कीर्ती १९५७ च्या शोधावर उभी आहे. ओलिन विल्सन यांच्यासह त्याने दाखविले की पिवळ्या, नारिंगी आणि तांबड्या ताऱ्यांच्या वर्णपटात कॅल्शियमच्या एका काळ्या रेषेच्या तळाशी जी उजळ रेघ असते, तिच्या रुंदीवरून ताऱ्याचे खरे तेज कळते. आणि खरे तेज कळले की अंतर कळते. एकाच तांबड्या रंगाचे दोन तारे, एक जवळचा खुजा आणि एक दूरचा राक्षसी, हे ओळखण्याचे साधन त्याने दिले. पुढे भारतीय खभौतिकी संस्था आणि तामिळनाडूतील कावलूरची वेधशाळा यांच्या उभारणीत वैणू बापूंनी आयुष्य वेचले. ते १९८२ मध्ये निवर्तले. कावलूरच्या मोठ्या दुर्बिणीस १९८६ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

बेगमपेठेत भास्करन यांच्यानंतर अकबर अली आले. त्यांनी ताऱ्याचा प्रकाश डोळ्याऐवजी प्रकाशविद्युत घटावर घेऊन मोजण्याची पद्धत तेथे आणली. तोवर राज्यच बदलले होते. १९४८ मध्ये हैदराबाद भारतात विलीन झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्याचे तीन भाग झाले. बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मराठी मुलखात आले. उरलेल्या बीदरचा आणि गुलबर्ग्याचा बहुतेक भाग म्हैसूर राज्यात गेला. वेधशाळा आंध्र प्रदेशात राहिली. अकबर अलींच्या पश्चात, १९६० नंतर, उस्मानिया विद्यापीठातील ज्योतिषाची धुरा एका मराठी शास्त्रज्ञाकडे, डॉ. कृष्ण दामोदर अभ्यंकर यांच्याकडे आली. शहर बेगमपेठेपर्यंत पसरले होते आणि दिव्यांच्या झगमगाटात क्षीण तारे बुडू लागले होते. म्हणून हैदराबादपासून दूर जापाल-रंगापूर येथे नवी वेधशाळा बांधली गेली आणि १९६८ मध्ये तेथे ४८ इंची दुर्बीण उभी राहिली. एकमेकांना ग्रहण लावणाऱ्या जोडताऱ्यांचे तेज निरनिराळ्या रंगांच्या गाळण्यांतून मोजणे, हे तेथील कामाचे एक प्रमुख अंग झाले.

मग त्या साडेसात लाख ठिपक्यांचे काय झाले? पॅरिसची योजना ठरल्या वेळेत कधीच पुरी झाली नाही. यादीचे खंड छापून होईपर्यंत ज्योतिषाचे लक्ष दुसरीकडे गेले होते, आणि या खंडांनी एका पिढीची शक्ती वाया घालविली, अशी टीका युरोपातच झाली. कित्येक दशके ते खंड कपाटांत पडून होते. १९८९ मध्ये युरोपच्या हिप्पार्कस उपग्रहाने ताऱ्यांची स्थाने अपूर्व सूक्ष्मतेने मोजण्यास आरंभ केला, तेव्हा एक अडचण पुढे आली. आजचे स्थान कितीही अचूक असले तरी तारा कोणत्या दिशेने किती सरकत आहे हे सांगण्यासाठी कालचे स्थान लागते, आणि तो काल जितका दूर तितके उत्तर चांगले. तो दूरचा काल जुन्या तबकड्यांच्या यादीत होता. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या टायको-२ या सूचीत पंचवीस लाख ताऱ्यांची निजगती दिली आहे, आणि तिच्या पायाशी त्या आंतरराष्ट्रीय यादीचे आकडे आहेत. त्यात बेगमपेठेच्या अनाम सहायकांनी वाचलेला पट्टाही आहे. उपग्रहाने त्याच ताऱ्यांचे तेज दोन रंगांत मोजले होते. म्हणून आता त्या प्रत्येक ठिपक्याचा रंगही कळतो. काचेवर सारखेच काळे दिसलेले ते तारे आज निळे, शुभ्र, पिवळे आणि तांबडे म्हणून ओळखता येतात.

तेव्हा काम वाया गेले, हा निकाल घाईचा होता. या सर्व हकीकतीत ज्या वेधशाळा नष्ट झाल्या त्या एका माणसाच्या उत्साहावर उभ्या होत्या, आणि जी टिकली तिच्या मालकाने ती वेळीच सोडून दिली होती. जहागिरीचा पैसा अखेर रयतेच्या शेतातून येत असे. चिटगुप्प्याच्या किंवा आळंदच्या शेतकऱ्याने बेगमपेठेच्या दुर्बिणीला कधी डोळा लावला नसेल. परंतु जफर जंगांच्या एका अर्जाने त्यांचा छंद विद्यापीठाचा झाला, विद्यापीठातून तो वैणू बापूंसारख्या मुलापर्यंत गेला, आणि तेथून सर्व जगाचा झाला.

आज एवढ्या मोठ्या भिंगाची गरजही उरलेली नाही. शहरापासून दूर, कारंजा धरणाच्या परिसरात किंवा चिंचोळीच्या माळरानाकडे, अजून चांगला अंधार आहे. हिवाळ्यात काक्षी आणि राजन्य, रोहिणी आणि व्याध, आणि दक्षिण क्षितिजावर जेमतेम एकोणीस अंश चढणारा अगस्त्य. उन्हाळ्यात स्वातीचा नारिंगी आणि चित्रेचा निळसर पांढरा रंग. पावसाळ्याच्या उघडिपीत ज्येष्ठा. शरदात हंसाच्या चोचीवरील सोनेरी-निळी जोडी. तीन इंची भिंगाला एवढे सहज साधते. १९१९ च्या अखेरीपासून १९२० च्या आरंभापर्यंत बेगमपेठेत तबकड्या मोजल्या जात होत्या. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, २०१९-२० च्या हिवाळ्यात, काक्षी एकाएकी इतका मंदावला की नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्या सामान्य माणसांनाही तो फरक कळला. ताऱ्यानेच बाहेर टाकलेल्या धुळीचा तो परिणाम होता, असे पुढे ठरले. तो फरक कळला तो ज्यांनी आधीच्या वर्षी काक्षीकडे नीट पाहून ठेवले होते त्यांनाच. अंगणातील दुर्बिणीचे मोल तेवढ्यातच आहे. रात्री पाहिलेले सकाळी वहीत लिहून ठेवावे, तारखेसह; पुढे कोणाला तरी तो काल लागणार असतो.